किनाऱ्याचा आराखडा: सल्लागाराकडून घ्यायचा की गावात बसून करायचा?

गोव्यात, पेडण्यातल्या एका किनारी पंचायतीत पंच असलेल्या मित्राचा प्रश्न: पर्यटन आराखड्यासाठी सल्लागार नेमावा, की गावानेच बसून तो करावा? दोन्ही प्रकार जवळून पाहिलेत, म्हणून सांगतो.

सल्लागाराचं काम झटपट होतं. रंगीत नकाशांचा अहवाल येतो, सरकारी फाइलला तो चालतो. भरतीरेषा आखायला, सांडपाण्याचा हिशेब मांडायला जाणकार लागतोच. तिथे गावाने हट्ट धरू नये. पण लोकांना नकाशा पहिल्यांदा दिसतो तो सुनावणीच्या तोंडावर. गोव्याच्या किनारी क्षेत्र व्यवस्थापन आराखड्याची 7 मार्च 2021 ची सुनावणी आठवा. वाद एवढा पेटला की हरित लवादाने ती पुन्हा घ्यायला लावली, आणि 8 जुलैला ती झाली. वाळूच्या टेकड्या, मासेमारांची वस्ती, खाजन (बांध घालून राखलेली खाडीकाठची शेतजमीन) नकाशात नीट आलेलंच नाही, हीच गावागावाची तक्रार होती.

गावात बसून शिकण्याची तऱ्हा वेगळी. अशाच एका बैठकीत टेबलावर नकाशा पसरला होता. एका म्हाताऱ्या रापणकाराने, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराने, चष्मा कपाळावर सरकवला आणि बोट ठेवून विचारलं, "होडी वर काढतो ती वाट खंय?" नकाशात ती जागा मोकळीच होती, प्रत्यक्षात तिथे शेजारच्या शॅकच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या हंगामी खानावळीच्या, खुर्च्या. शॅकवाला चुळबुळला. दुसऱ्या दिवशी ओहोटीला सगळे चालत गेले, वाळूच्या टेकड्यांवर वाढणारी मर्यादवेल कुठवर पसरलीय ते पाहून खुंट्या मारल्या. 2011 च्या किनारी अधिसूचनेत मांद्रे, मोरजी, आगोंद आणि गालजीबाग या कासवांच्या जागा नावानिशी आहेत आणि वाळूच्या टेकड्यांवर काहीच करायला परवानगी नाही, हे शॅकवाल्याला तिथे उभं राहून कळलं. कासवं अंडी घालायला येतात तो काळ म्हणजे नेमका त्याचा धंद्याचा हंगाम, आणि पिल्लं उजेडाकडे वळतात. समुद्राकडचे दिवे फिरवायचं मग त्यानेच सुचवलं. सल्लागाराने हेच कागदावर लिहून दिलं असतं तर तो भांडला असता.

या वाटेला वेळ मात्र फार लागतो, वर्ष सहज जातं. ज्याचा आवाज मोठा त्याचीच बैठक होते. शॅकमधले बाहेरगावचे कामगार ग्रामसभेत कुठेच नसतात. खरी भीती वेगळीच. आंदोलनानंतर 2007 मध्ये राज्यातली जमीन कशी वापरायची ते ठरवणारा जुना प्रादेशिक आराखडा रद्द झाला, वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया असलेला कृतिदल बसला, नव्या आराखड्याचे मसुदे गावागावांत गेले. लोक सर्व्हे नंबर घेऊन रात्री बसले, नकाशे वाचायला शिकले. 2012 मध्ये तो आराखडा स्थगित झाला. आजही बैठकीला बोलावलं की जुनी माणसं विचारतात, "ह्याचं पुढे काय करणार?"

म्हणून माझं मत असं. पार्किंग किंवा शौचालयाचा प्रस्ताव ठरलेल्या मुदतीत द्यायचा असेल तर सल्लागार नेमा आणि मोकळे व्हा. वाळू कोणी, कुठवर, कोणत्या महिन्यात वापरायची हा प्रश्न असेल तर आधी गाव बसवा. सल्लागार मागाहून, गावाने लिहिलेले प्रश्न हातात देऊन. निघालेला मसुदा मतासाठी ग्रामसभेत आणायचाच, असा ठराव पहिल्या बैठकीआधी करून घ्या. आणि बैठक रविवारी सकाळी ठेवू नका. मासे विकणाऱ्या बायका तेव्हा बाजारात असतात.