साडेसातशे वॅटचा मिक्सर, गळकं भांडं आणि वॉरंटी कार्डाची मागची बाजू

दिवाळीच्या आधी नाशिकच्या मेन रोडवरच्या एका दुकानातून साडेसातशे वॅटचा, तीन भांड्यांचा मिक्सर घेतला. आता पावसाळा लागलाय, म्हणजे भरपूर वापरून झालाय. इंदिरानगरला आमचं सहा माणसांचं घर. सकाळी चटणी, संध्याकाळी भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, आठवड्याला इडलीचं पीठ, शिवाय उपासाला दाण्याचं कूट, त्यामुळे मिक्सरला सुट्टी अशी नाहीच. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे सांगायचंय ते कुठल्याही कंपनीच्या मिक्सरला लागू पडतं.

मोटर उत्तम आहे, हे आधीच सांगते. उडदाची डाळ लोण्यासारखी वाटली जाते. मोठ्या भांड्यात लागोपाठ दोन घाणे काढले की मिक्सर तापतो, मग थोडं थांबावं लागतं. सुकं खोबरं जास्त कोंबलं तर ओव्हरलोडचं बटण उडतं. ते उडायलाच हवं, मोटर वाचते. आवाज मोठा आहे. पहाटे लावला तर शेजारच्यांना कळतं. खालचे रबरी पाय मात्र ओट्याला घट्ट धरून राहतात.

तक्रार आहे ती चटणीच्या भांड्याची. काही महिन्यांत ते बुडातून गळायला लागलं. काळ्या वाटणात हे लक्षातच येत नव्हतं. ओल्या खोबऱ्याची चटणी केली तेव्हा पात्याभोवती करड्या रंगाची तेलकट रेघ दिसली. सासूबाईंनी ती चटणी कोणाला खाऊ दिली नाही. मग भांडं स्वच्छ घासलं, निम्मं पाणी भरलं आणि रात्रभर वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवलं. सकाळी कागदावर ओलं वर्तुळ होतं आणि मधोमध काळा चिकट ठिपका. पात्याचा दांडा ज्या बुशमध्ये फिरतो, तिथलं सील गेलं की असं होतं. वरचं पाणी खाली झिरपतं आणि बुशमधलं वंगण, झिजलेल्या धातूची काळी कीट वर पदार्थात येते. तुमच्या मिक्सरवर शंका असेल तर हीच कागदाची परीक्षा करून बघा, आणि त्या कागदाचा फोटो भांड्यासकट काढून ठेवा. पुढे तोच कामाला येतो.

दुकानात भांडं घेऊन गेले. दुकानदार म्हणाले, "वहिनी, एवढं तर सगळ्याच मिक्सरचं होतं. कुठल्याही मिक्सर रिपेअरवाल्याकडे दीड-दोनशेत बुश बदलून मिळेल. आणि आता आमचा काही संबंध नाही, कंपनीचं सर्व्हिस सेंटर बघेल." सर्व्हिस सेंटरवरचा मुलगा नम्र होता, पण उत्तर ठरलेलं: "मॅडम, वॉरंटी मोटरची असते. भांडं झिजणाऱ्या वस्तूंमध्ये येतं, ते चार्जेबल आहे."

मला सगळ्यात खटकलं ते हेच. दोष किरकोळ की मोठा, हे दुरुस्तीला किती पैसे लागतात त्यावरून ठरवलं जात होतं. चटणीचं भांडं चटणी करायलाच घेतलेलं असतं. त्यात वंगण उतरत असेल तर त्या भांड्यापुरता तरी तो शंभर टक्के दोष आहे, बुश भले कितीही स्वस्त असो. माणसं अशा वेळी दोनशे रुपये टाकून मोकळी होतात आणि तोच माल तसाच विकला जात राहतो.

तिथेच उभं राहून वॉरंटी कार्ड उलटून वाचलं. खोक्यावर ठळक लिहिलेलं: संपूर्ण मिक्सरला दोन वर्षं, मोटरला पाच वर्षं. मागच्या बारीक अक्षरांत वगळलेल्या वस्तूंची यादी होती. तीत कपलर (मोटर आणि भांडं जोडणारा भाग), झाकण आणि झाकणाचं रबर होतं. भांडं किंवा पात्याचा जोड त्यात कुठेच नव्हता. मुलाला दाखवलं. तो आत विचारून आला आणि म्हणाला, "भांडं पाण्यात भिजत ठेवलं असेल, मिसहँडलिंग आहे." मी म्हटलं, तसं जॉबशीटवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर, लिहा आणि शिक्का मारा. त्याने ते लिहिलं नाही. जॉबशीटवर नुसतं 'जार लीकेज' असं लिहून मला दिलं. तो कागद माझ्या दृष्टीने बिलाइतकाच मोलाचा ठरला.

कायदा काय म्हणतो ते इथे सांगणं गरजेचं आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 हा 20 जुलै 2020 पासून लागू आहे. त्याच्या कलम 2 मध्ये 'दोष' याची व्याख्या आहे: वस्तूच्या गुणवत्तेत, प्रमाणात, क्षमतेत, शुद्धतेत किंवा दर्जात असलेली कोणतीही उणीव. मग तो दर्जा कायद्याने बंधनकारक असो, करारातून आलेला असो किंवा विक्रेत्याने सांगितलेला असो. लहान दोष आणि मोठा दोष असे दोन कप्पे त्यात केलेले नाहीत. बिलाच्या तळाशी 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं छापल्याने हा हक्क जात नाही. उलट सदोष वस्तू बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर 30 दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही याच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. पक्कं बिल न देणंही त्यातच येतं. म्हणून जीएसटी वाचवायच्या नादात कच्च्या चिठ्ठीवर वस्तू घेऊ नका.

याचा अर्थ भांडं गळलं म्हणून अख्खा नवा मिक्सर मागायचा असा नाही. दोष काढून देणं, वस्तू बदलून देणं, पैसे परत करणं, नुकसानभरपाई देणं, यातलं काय योग्य ते ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा करणारा ग्राहक आयोग दोष बघून ठरवतो. 2006 मध्ये एका गाडीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही सदोष भाग बदलून द्यावा, अख्खी गाडी नव्हे, अशीच भूमिका घेतली होती. मला ते पटतं. मला भांडं हवं होतं, मी भांडंच मागितलं.

घरी येऊन कंपनीच्या ग्राहक सेवेला ई-मेल लिहिला. हा पत्ता शोधावा लागत नाही, तक्रारीसाठीचा फोन आणि ई-मेल खोक्यावर छापणं बंधनकारक आहे. बिल, जॉबशीट, कागदाचा फोटो आणि कार्डाच्या मागच्या बाजूचा फोटो जोडला. मागणी एका ओळीत: चटणीचं भांडं विनामूल्य बदलून द्यावं. उत्तर आलं ते साचेबंद, 'आपली गैरसोय झाल्याबद्दल दिलगीर आहोत' छापाचं. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, फोन केला. मराठीत बोलता येतं. ते आदेश देत नाहीत, कंपनीकडे तक्रार पोचवून उत्तर मागतात. पण त्यानंतर सूर बदलला. कंपनीतून स्वतःहून फोन आला आणि सर्व्हिस सेंटरमधून नवं भांडं मिळालं, एक पैसा न देता.

तिथे जमलं नसतं तर जिल्हा ग्राहक आयोग होताच. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही, वकील सक्तीचा नाही, ऑनलाइनही दाखल करता येते. कंपनी चेन्नईची असो की दिल्लीची, आपण नाशिकला राहतो म्हणून तक्रार नाशिकला करता येते, दुकानदार आणि कंपनी दोघांवरही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. मिसहँडलिंगचा वाद असेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. अर्थात निकालाला वेळ लागतो, कायद्यात तीन ते पाच महिने लिहिलेत तरीही, म्हणून आधी ई-मेल आणि 1915 हेच बरं.

आणखी एक. वॉरंटीत असताना भांडं बाहेरून उघडून घेऊ नका. एकदा बाहेरचा हात लागला की कंपनीला नकार द्यायला आयतं कारण मिळतं.

नवं भांडं अजून तरी कोरडं आहे. दर महिन्याला कागदावर ठेवून बघते. मिक्सरला मी पाचपैकी चार देईन, भांड्याच्या सीलला दोन. सर्व्हिसला तीन, तेही त्या मुलाने जॉबशीट खरं लिहिलं म्हणून. घेणार असाल तर दुकानातच कार्डाची मागची बाजू वाचा आणि भांडं वॉरंटीत आहे की नाही ते बिलावर लिहून घ्या.