उद्यमबाग, बेळगाव : फायबर साच्याची दुरुस्ती आणि फिनिशिंग

आमचं निपाणीला बस बॉडीच्या फायबर पार्टचं काम आहे. मिनी बसच्या फ्रंट शोचा, म्हणजे पुढच्या दर्शनी भागाचा, साचा तीन तुकड्यांचा. हेडलाईटपाशी कड आत वळते, अखंड साच्यातून माल (तयार पार्ट) सुटत नाही. वापरून वापरून जोडाजवळ बारीक चिरा पडल्या होत्या आणि प्रत्येक मालावर जोडाची रेघ इतकी जाड उठायची की पेंटर पुट्टी भरून वैतागायचा. आधी दुसरीकडं दुरुस्त करून आणला होता. त्यांनी चिरांवर वरून जेलकोट (वरच्या गुळगुळीत थराचं रेझिन) फिरवून चमकवून दिला. थोडा माल काढला, की त्याच जागी परत चिरा.

उद्यमबागेतल्या या वर्कशॉपच्या मामांनी पहिल्यांदा चिरांना हातच लावला नाही. तिन्ही तुकडे बोल्टवर आवळले आणि जोडावर आडवं नख फिरवलं. म्हणाले, "बघा की, पायरी लागतीय. डोवेलची (तुकडे जुळवायच्या खुंट्यांची) भोकं खाल्लीत, तुकडा दरवेळी सरकून बसतोय. जोडात पाचर ठोकून माल काढला की सगळा ताण इथंच येतोय." रोगच सापडला म्हणायचा.

जुनी भोकं भरून, तुकडे जुळवून, भोकांत नव्यानं स्टीलचे बुश (छोट्या नळ्या) बसवले. मग चिरा ग्राइंडरनं 'व्ही' आकारात मॅट (आतला काचतंतूंचा थर) दिसेपर्यंत उघडल्या. मॅट तुटली होती तिथं नवी घातली, अ‍ॅसिटोननं पुसून टूलिंग जेलकोट भरला. साध्या मालाचा जेलकोट साच्याला चालत नाही, रेझिन सेट होतानाची उष्णता तो फार काळ सोसत नाही. हवा लागली की जेलकोट वरून चिकट राहतो, म्हणून वर पीव्हीएचा (वाळून पातळ पापुद्रा धरणाऱ्या द्रवाचा) थर दिला. बाहेर धो धो पाऊस, त्यामुळं जवळ हॅलोजन लावून ऊब धरली होती. आणि लगेच घासायला घेतलं नाही. जेलकोट नंतर थोडा बसतो, घाईनं घासला तर पॅचची खूण दिसते.

खरी कारागिरी घासण्यात आहे. तुकडे सुटे घासले की कड गोल होते, जोडात खाच पडते आणि मालावर तीच रेघ उठते. यांनी साचा आवळून, जोड बंद ठेवून, कडक ब्लॉकवर पाण्याचा पेपर मारला. 400 पासून 600, 800, 1000 करत 1500 पर्यंत. प्रत्येक नंबरला दिशा बदलायची, आधीचे ओरखडे गेल्याशिवाय पुढचा पेपर हातात घ्यायचा नाही. शेवटी कंपाउंड आणि बफ. माल चिकटू नये म्हणून वॅक्सचे पाच हात, पहिल्या मालाला वर पीव्हीए. माल सुटला तेव्हा जोडाची रेघ केसाएवढी होती, आमच्या पोरानं हजाराच्या पेपरनं ती दोन मिनिटांत काढली.

वेळ मात्र भरपूर लागतो. साचा न्यायला-आणायला गाडी तुमचीच. आमचा साचा नारंगी, भरलेला जेलकोट काळा, त्यामुळं पॅच उठून दिसतात, पण मालावर काही उतरत नाही. दर कमी नाही, तरी नव्या साच्याच्या मानानं खूप परवडला.

देणार असाल तर सगळे तुकडे, बोल्ट आणि त्या साच्यातून निघालेला एक माल सोबत न्या. माल बघून ते दोष लवकर ओळखतात. बॅक शोचा साचाही मी यांनाच देणार आहे, पण दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की.