रक्तवाढीची लाल गोळी: सात महिने रोज घेतल्यानंतर

सरकारी दवाखान्यात गरोदरपणी मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिग्रॅ लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. चौथा महिना लागल्यापासून रोज एक, असे १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. सात महिन्यांनंतरचं मत आधीच सांगते: गोळी उत्तम आहे, आणि फुकट मिळते म्हणून तिला कमी लेखू नये. पण ती कधी आणि कशाबरोबर घेतली यावर अर्धं काम अवलंबून असतं, आणि स्ट्रिप हातात देताना नेमकं हेच सांगायचं राहून जातं.

तयारी मात्र लाल गोळीच्या बरीच आधी सुरू व्हायला हवी. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतात, ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. पाळी चुकली, टेस्ट केली, डॉक्टरांची वेळ मिळाली, तोवर ते काम उरकलेलंही असतं. म्हणून मूल हवं असं ठरलं की निदान महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत. मेडिकलमध्ये नुसतं ‘फॉलिक ॲसिड द्या’ म्हटलं की अनेकदा ५ मिग्रॅची गोळी हातात पडते. हा डोस बारा पटींहून जास्त आहे. आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल, आईला फिट्सची औषधं चालू असतील किंवा मधुमेह असेल, तर डॉक्टर तो मुद्दाम देतात. बाकीच्यांनी पाकिटावरचा आकडा वाचूनच घ्यावं. आठवड्याला एक लाल गोळी आधीपासून चालू असली तरी ही रोजची वेगळी लागतेच. मिशरीही याच महिन्यात सुटायला हवी. ती भाजलेली तंबाखूच आहे, आणि हिरड्यांतून निकोटीन रक्तात उतरतंच.

लाल गोळीचं गणित आपल्याकडे बिघडतं ते चहापाशी. चहा-कॉफीतली द्रव्यं लोहाला पोटातच बांधून ठेवतात, त्यामुळे गोळीच्या आधी आणि नंतर एकेक तास चहा नको. दूधही नको. कॅल्शियमची गोळी, ५०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, जेवणाबरोबर घ्यायची आणि लोहापासून किमान दोन तास लांब ठेवायची. घरात निभावणारं वेळापत्रक असं: कॅल्शियम नाश्त्याला आणि दुपारच्या जेवणाला, लोह रात्री झोपताना लिंबूपाण्याबरोबर. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती पहाटे उपाशीपोटी आणि लोह-कॅल्शियम तिच्यापासून चार तास दूर, म्हणजे कॅल्शियम दुपारच्या जेवणाला आणि संध्याकाळच्या खाण्याला सरकवावं. ॲसिडिटीचं औषधही लोहाच्या जोडीला नको.

उपाशीपोटी लोह जास्त शोषलं जातं हे खरं, पण मळमळीने गोळीच सुटत असेल तर जेवणानंतर घ्या. थोडं कमी शोषलं गेलं तरी चालेल, बंद पडलेली गोळी काहीच देत नाही. शी काळी होते, त्याला घाबरू नका. ती डांबरासारखी चिकट असेल आणि चक्कर येत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा. बद्धकोष्ठतेला भरपूर पाणी, पेरू, पालेभाजी, आणि तेवढ्याने भागलं नाही तर डॉक्टरांना विचारून इसबगोल. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

बीट आणि डाळिंब लाल असतात म्हणून रक्त वाढवतात, हा समज फार खोल रुजलाय. खाण्यात ती जरूर असावीत, पण त्यांत लोह थोडंच असतं आणि गोळीची जागा ती घेऊ शकत नाहीत.

गरोदरपणी हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की साधारण दिवसाला दोन गोळ्या देतात, पण हा निर्णय डॉक्टरांचा. ७ च्या खाली असेल तर गोळ्यांवर विसंबू नका, थेट रुग्णालय गाठा. नीट घेतलेल्या गोळीने महिन्याभरात हिमोग्लोबिन निदान १ ग्रॅमने वाढायला हवं. वाढलं नाही तर आधी प्रामाणिकपणे मोजा, किती दिवस चुकले आणि चहा किती वाजता झाला. तिथे चूक नसेल तर जंत (चौथ्या महिन्यानंतर अल्बेंडाझोल ४०० मिग्रॅ एकदा, डॉक्टरांच्या सल्ल्याने), शाकाहारी बायकांत बी-१२ ची कमतरता, आणि सिकलसेल किंवा थॅलेसेमिया (आईवडिलांकडून येणारे रक्ताचे आजार), या क्रमाने तपास व्हावा. नंदुरबार, गडचिरोली आणि एकूणच विदर्भात सिकलसेलची चाचणी टाळूच नये. आईत वाहकपण (स्वतःला आजार नसला तरी तो बाळाकडे जाऊ शकणं) निघालं तर वडिलांचीही लगेच करावी. सगळ्यात बरं म्हणजे दिवस राहण्याआधीच दोघांची करून घेणं.

गोळ्या मोकळ्या करून डब्यात ओतू नका, पावसाळ्यात आवरण ओलसर होऊन सुटतं. स्ट्रिप उशाशीही नको. घरात पहिलं मूल दीड-दोन वर्षांचं असेल तर त्याला ही लाल, गुळगुळीत, वरून गोड गोळी खाऊच वाटते, आणि मूठभर गोळ्या त्या वयात जिवावर बेततात. वरच्या कपाटात, कुलपात ठेवा. मुलाने गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटीची वाट न पाहता रिकामी स्ट्रिप बरोबर घेऊन त्याला रुग्णालयात न्या.