फासा मोठा करावा की आणखी एक घ्यावा?

पाथफाइंडर या फाशांनी खेळायच्या भूमिका-खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत शस्त्राचा मारा वाढवायच्या या दोन मुख्य वाटा. फासा एक पायरी चढवला (डी४, डी६, डी८, डी१०, डी१२; आकडा म्हणजे फाशाच्या बाजू) की दर फाशामागे सरासरी जेमतेम १ वाढतो. लाँगसोर्डचा डी८ सरासरी ४.५ देतो, डी१० झाला तर ५.५. त्याच तलवारीवर स्ट्रायकिंग रून (शस्त्राचे फासे वाढवणारी जादुई खूण) कोरला की २डी८, म्हणजे दोन डी८, थेट ९. चौथ्या पातळीचा हा रून ६५ सुवर्णनाण्यांना मिळतो. आधी पैसे इथेच घाला.

पायरी कमी लेखू नका मात्र. मेजर स्ट्रायकिंगने, म्हणजे याच रूनच्या वरच्या प्रकाराने, चार फासे झाले की तीच पायरी सरासरी ४ देते आणि क्रिटिकलला, म्हणजे दुप्पट मारा देणाऱ्या फटक्याला, ८. पण ती एकदाच चढते. पायरी वाढवणाऱ्या दोन क्षमता एकावर एक रचता येत नाहीत, आणि डी१२च्या पुढे वाट नाही.

घोळ होतो तो मोजणीत. स्ट्रायकिंग फक्त शस्त्राचे स्वतःचे फासे वाढवतो. स्ट्रेंथ (पात्राच्या ताकदीचा आकडा) एकदाच मिळवायची, फ्लेमिंग या आगीच्या रूनचा डी६ एकच राहतो. बास्टर्ड सोर्ड, म्हणजे एका किंवा दोन्ही हातांनी धरता येणारी तलवार, दोन्ही हातांनी धरली, तर मात्र स्ट्रायकिंगच्या फाशासकट सगळे डी१२ होतात: २डी१२, सरासरी १३.