अस्वलाच्या पोटात मायक्रोबिट

खेळण्यांचे चालते नमुने बनवणं हे माझं काम. नमुना म्हणजे दुकानात मांडायची वस्तू नव्हे. मुलांच्या हातात द्यायचा, मजा येते का ते बघायचं आणि नंतर खुशाल मोडीत काढायचा. मायक्रोबिट या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या संगणक-बोर्डाच्या दुसऱ्या आवृत्तीबद्दल मी लिहितेय ते याच नजरेने.

बोर्ड जेमतेम ५ बाय ४ सेंटीमीटरचा. बीबीसीने २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांसाठी आणलेला. २०२० च्या आवृत्तीत स्पीकर आणि माइक बोर्डावरच आले, आणि खेळणी बनवणाऱ्यांची मोठी सोय झाली. आधी साध्या 'टिंग'साठीसुद्धा बाहेरून बझर जोडावा लागे. आता दोन बटणं, हलवलं की कळणारा सेन्सर, २५ लाल एलईडी, आवाज आणि रेडिओ, सगळं एकाच पट्टीवर. सोल्डरिंगला हात न लावता खेळ उभा राहतो.

अलीकडचाच खेळ सांगते. एक बोर्ड कापडी अस्वलाच्या पोटात, दुसरा शोधणाऱ्याच्या हातात. अस्वल रेडिओवरून सारखी हाक देत राहतं, हातातला बोर्ड ती किती जोरात पोचतेय ते बघतो आणि जवळ गेलं की टिकटिक वाढवतो. मेककोडमध्ये, म्हणजे ब्लॉक जोडून प्रोग्रॅम बनवायच्या साधनात, याचे ब्लॉक मोजकेच लागतात. पण सिग्नलचा आकडा जागच्या जागी उड्या मारतो, कारण २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी माणसाच्या अंगात शोषल्या जातात, भिंतींवरून उलटतात. म्हणून शेवटच्या काही आकड्यांची सरासरी घ्यायची. शिवाय रेडिओची ताकद ० ते ७ पैकी मुळात ६ वर असते. तेवढ्यावर अख्खी खोलीच 'जवळ' ठरते. ती पार खाली आणली तेव्हा कुठे खेळात जीव आला.

मग मुलांनीच एक चलाखी शोधली. अस्वलासमोर आडवं उभं राहिलं की शोधणारा चकतो! लपवणाऱ्यांनाही काम मिळालं आणि खेळ दुप्पट रंगला. मी टेबलाशी कितीही डोकं खाजवलं असतं तरी हे सुचलं नसतं. माझ्यापुरता बोर्ड इथेच वसूल.

कुरकुर आहेच. २५ दिव्यांवर एक आकडा दिसतो; दहापासून पुढचा स्कोअर सरकत जातो आणि मुलं तेवढा वेळ थांबत नाहीत. कडेच्या भोकांना लावलेल्या मगरचिमट्यांचा खेळणं हलवलं की भरवसा नाही. यातल्याच ०, १, २ या भोकांना (पिनांना) स्पर्श ओळखायला लावायचं तर मुळातल्या सेटिंगमध्ये दुसरा हात ग्राउंडवर, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडलेल्या भोकावर हवा, हे लहानग्याला कोण समजावणार? या दुसऱ्या आवृत्तीत ते सेटिंग बदलता येतं, आणि वरचा सोनेरी लोगो तर एका बोटानेही ओळखतो. मेककोडमध्ये ब्लूटूथ आणि हा रेडिओ एकाच प्रोग्रॅममध्ये चालत नाहीत, त्यामुळे अस्वलाला फोनशीही बोलायला लावायचा बेत मी सोडून दिला.

मोटर फिरवायची असेल तर तिला वेगळी बॅटरी द्या आणि दोन्हींचं ग्राउंड जोडा. बोर्डाला मात्र दोन ट्रिपल-ए सेलांचा डबाच लावा; ३.७ व्होल्टची लिथियम बॅटरी थेट जोडू नका.