१९३५ सालचं मालवाहू जहाज: कोळसा की डिझेल?

समजा, साल १९३५. ९००० टन डेडवेटचं, दहा नॉटांनी (तासाला दहा सागरी मैलांनी) चालणारं ट्रॅम्प जहाज (ठरलेल्या मार्गाविना, मिळेल तो माल नेणारं) इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या यार्डात बांधायला टाकायचं आहे. सांगाडा कोणतंही यार्ड बरा बांधेल. पैसे बुडणार किंवा सुटणार ते इंजिनात. डेडवेटमध्ये माल, इंधन आणि पाणी सगळं आलं, त्यामुळे इंधनाचा प्रत्येक जादा टन मालातूनच कापला जातो.

अंदाजे १८०० अश्वशक्ती लागेल. साध्या वाफेवरचं ट्रिपल एक्स्पान्शन इंजिन (तीच वाफ एकामागून एक तीन टप्प्यांत वापरणारं) एका अश्वशक्तीमागे तासाला ०.६८ किलो कोळसा खातं, म्हणजे दिवसाला २९ टन. सुपरहीटर (वाफ आणखी तापवणारं साधन) आणि चांगले बॉयलर घेतले की अर्ध्या किलोवर येतं, म्हणजे साडेएकवीस टन. डिझेलला ०.१७ किलो तेल पुरतं, दिवसाला सव्वासात टन. (वाफेची अश्वशक्ती सिलिंडरमध्ये मोजतात, डिझेलची शाफ्टवर, म्हणजे या हिशेबात डिझेलवर थोडा अन्यायच आहे.)

आता हेच कार्डिफ (वेल्समधलं कोळशाचं बंदर) ते ब्वेनोस आयर्स या २६ दिवसांच्या एकेरी प्रवासाला लावा. साधं इंजिन ७५० टन कोळसा जाळेल, डिझेल १९० टन तेल. शिवाय तेल दुहेरी तळाच्या टाक्यांत बसतं, जिथे माल भरताच येत नाही. कोळशाला मात्र बंकर, म्हणजे कोळशाच्या कोठ्या, लागतात, आणि ते मालाच्या जागेवर बसतात.

इतकं असूनही ब्रिटिश ट्रॅम्पवाले वाफेलाच चिकटून राहिले, आणि तो निव्वळ हट्ट नव्हता. कार्डिफहून जाताना भाडं कोळशाचंच, येताना धान्याचं. कोळसा खाणीच्या दारात मिळतो; डिझेल तेल परदेशातून येतं. नॉर्वेचं गणित उलटं, कारण तिथे स्वस्त कोळसाच नाही. म्हणून १९३९पर्यंत नॉर्वेच्या निम्म्याहून अधिक जहाजांत डिझेल होतं, ब्रिटनच्या जेमतेम चौथाई जहाजांत.

वाफेचं बलस्थान म्हणजे ती समजायला सोपी. धक्क्याला लागताना शंभर वेळा पुढे-मागे केलं तरी कुरकुर नाही. डिझेलला दर वेळी दाबलेल्या हवेने सुरू करावं लागतं. पायलटने फार वेळा हुकूम बदलले की हवेच्या बाटल्या रिकाम्या होतात आणि जहाज नेमकं नको तिथे हतबल होतं. वाफेचा खरा शत्रू पाणी. कंडेन्सरची (वापरलेली वाफ समुद्राच्या पाण्याने थंड करून पुन्हा पाणी करणाऱ्या साधनाची) एक नळी गळली की खारं पाणी बॉयलरमध्ये जातं, फेस येतो, पत्रा खाल्ला जातो. सुपरहीट घेतलं की सिलिंडरला वंगणाचं तेल जास्त घालावं लागतं. ते गाळणीतून निसटून बॉयलरच्या भट्टीच्या माथ्यावर साचतं. पाण्याचा स्पर्श तुटतो, पत्रा लाल होतो आणि आत बसतो. सुपरहीटवाल्याने फीड फिल्टरवर, म्हणजे बॉयलरचं पाणी गाळणाऱ्या या गाळणीवर, कंजुषी करू नये.

भट्टीपुढे आगवाले हवेत, बंकरमधून कोळसा ओढायला माणसं हवीत, राख समुद्रात टाकायची. डिझेलला ही फौज लागत नाही, पण इंजिनिअर पक्का लागतो.

डिझेल घ्यायचंच तर कोणतं? जुन्या पद्धतीत ६०-७० वातावरणांच्या, म्हणजे बाहेरच्या हवेच्या ६०-७० पट, दाबाने हवा फुंकून तेल आत सोडत. त्या तीन टप्प्यांच्या काँप्रेसरनेच निम्मी डोकेदुखी केली. आता हवेविना, नुसत्या पंपाच्या दाबाने तेल सोडणारं इंजेक्शन मागा. सिलिंडरहेड उष्णतेने तडकणं हे दुसरं दुखणं. संडरलंडच्या डॉक्सफर्ड कंपनीने एका सिलिंडरमध्ये समोरासमोर दोन पिस्टन घातले, म्हणजे हेडच नाही, मग तडकणार काय? किंमत म्हणून एका सिलिंडरमागे क्रँकशाफ्टला तीन थ्रो (वाकडे बाहू). शाफ्ट लांब, आणि बेअरिंगची रेषा जराही हलली तर महागात पडतं.

मधला मार्गही आहे: बाऊअर-वाख टर्बाइन. इंजिनातून बाहेर पडणारी वाफ कंडेन्सरला जाण्याआधी छोट्या टर्बाइनमधून फिरवतात. ती गिअर आणि द्रव-कपलिंगमधून त्याच शाफ्टला जोर देते. इंधन साधारण पंचमांशाने वाचतं आणि जुन्या जहाजालाही बसवता येतं. उलटं चालताना टर्बाइन कामाचं नाही, झडप बदलून वाफ थेट कंडेन्सरला सोडायची. ती झडप अडकणार नाही याची काळजी घ्या.

नुसत्या टर्बाइनच्या नादी दहा नॉटांसाठी लागू नका. ते लढाऊ आणि वेगवान प्रवासी जहाजांचं काम. तिथेही वाफेच्या दाबाची शर्यत सगळ्यांना झेपली नाही: अमेरिकन विनाशिका सुमारे ४२ वातावरणांवर नीट चालल्या, जर्मनांनी ७० गाठलं आणि बॉयलर सतत दुरुस्तीला. जर्मनीच्या ‘डॉइचलँड’ या युद्धनौकेने मात्र एमएएन कंपनीची आठ डिझेल इंजिनं घेऊन लांब पल्ला मिळवला, सोबत थरथरही.

कार्डिफहून कोळसा घेऊन निघणार असाल तर सुपरहीटवालं इंजिन, जमलं तर बाऊअर-वाखसकट. प्रशांत महासागरातल्या लांब, ठरलेल्या फेऱ्या करणार असाल तर डिझेल. ब्रिटिश सरकारची १९३५ सालची योजना वापरायची असेल तर दोन टन जुनं मोडल्यावर एक टन नवं बांधायला स्वस्त कर्ज मिळतं, आणि डिझेलची जादा किंमत तेवढी कमी टोचते. कोकणातल्या लोकांनी मात्र कुठलंही इंजिन असो, ‘आगबोट’च म्हणावं.