दख्खनचे सूफी: ईटन वाचावेत की अर्न्स्ट?

दख्खनच्या सूफींवरील पाश्चात्त्य संशोधनाची ओळख करून घ्यायची, तर रिचर्ड ईटन यांचे ‘सूफीज ऑफ बिजापूर’ (१९७८) आधी वाचावे की कार्ल अर्न्स्ट यांचे ‘इटर्नल गार्डन’ (१९९२)? ईटन समाजाकडून सूफींकडे येतात आणि योद्धे, सुधारक, साहित्यिक, जमीनदार, दरवेश अशा भूमिकांत त्यांची विभागणी करतात. जात्यावर दळताना बायका जे दखनी चक्कीनामे गात, त्यांतून सूफी विचार घराघरांत कसा झिरपला, याचे त्यांचे विवेचन तर अप्रतिम आहे. जात्यावरच्या ओव्या ठाऊक असलेल्या मराठी वाचकाने ते चुकवू नये. अर्न्स्ट यांचा भर खुलदाबादवर आहे. तेथे दफन झालेल्या सूफी संत बुर्हानुद्दीन गरीब (मृत्यू १३३७) यांची शिष्यांनी टिपलेली फारसी संभाषणे तपासताना समकालीन नोंद कोणती आणि मागाहून रचलेली आख्यायिका कोणती, हे ते काटेकोरपणे वेगळे काढतात. लढवय्या संतांच्या कथा इतिहास म्हणून स्वीकारण्यास ते नकार देतात, आणि त्यामुळे ईटन यांचा ‘योद्धा’ वर्ग डळमळीत होतो. मला अर्न्स्ट यांची बाजू अधिक भक्कम वाटते, म्हणून आधी तेच वाचावेत. सामान्य भाविकांच्या जगण्यासाठी मात्र ईटन यांच्याकडेच वळावे लागते.